नखाला लागू नये असा जोड

तुम्ही त्यांना चोर म्हणालात. भर उतारावर, वस्तीतल्या बायामाणसांसमोर म्हणालात आणि मग गाडीत बसून काच वर केलीत. ज्या ट्रकला तुम्ही चोरीचा माल म्हणालात तो तुम्हीच विकला होता, तुमच्या आवारातून, तुमच्याच कारकुनाच्या हातून. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं कृपा करून म्हणू नका. माहीत होतं. कसं, ते पुढे येईल. आधी त्या घराचं ऐका. ऐकायची वेळ होती तेव्हा तुम्ही घड्याळ बघत होतात.

वस्ती टेकडीवर. तिथवर रस्ता होता. पुराच्या वर्षी त्याचा मधला तुकडा ओढ्यात गेला, आणि तो बांधून देणं तुमच्याकडे होतं. तुम्ही दगडांचे ढीग आणून टाकलेत, ढिगांचे फोटो काढलेत आणि गेलात. तेव्हापासून उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ओढ्यापाशीच थांबतो. ड्रायव्हर सिमेंटच्या हौदात पाइप सोडतो, टपरीवर चहा पितो आणि निघून जातो. वरच्या बायकांनी रिकामे हंडे घेऊन उतरायचं आणि भरलेले घेऊन चढायचं.

त्या चढाने थोरलीची मान गेली. थोरली म्हणजे वेल्डरची बायको. धाकट्या दिराचं लग्न व्हायचं होतं, धाकटीचा कुठे पत्ता नव्हता, पण ही घरात आली त्या दिवसापासून थोरलीच. आता तिला उजवीकडे बघायचं झालं तर सगळं अंगच वळवावं लागे. दीर म्हणायचा, "वहिनी, तुम्ही वळलात की दरवाजा उघडल्यासारखं वाटतं." तीही हसायची. मग एका दुपारी शेजारची पोटुशी बाई चढावर हंड्यासकट खाली बसली ती उठेचना. तिला झोळीत घालून वर नेलं तेव्हा झोळीतून रक्त गळत होतं. मूल गेलं. त्या दिवसापासून दिराने मानेवर विनोद केला नाही.

त्यानंतर घरांना कुलपं लागायला लागली. आज हे उतरले, उद्या ते. थोरला, म्हणजे तिचा नवरा, तोही म्हणाला, "आपणही खाली जाऊ. बाजारात माझा गाळा आहे, त्याच्या मागे पत्रे ठोकून राहू."

"मी येणार नाही," त्याची आई म्हणाली. तिला जवळजवळ दिसत नसे. "इथल्या भिंती माझ्या हाताला ठाऊक आहेत. तिथे मी उंबऱ्यावर आपटून मरेन. त्यापेक्षा इथे तहानेने मरते, निदान उभी तरी असेन."

धाकटा दगडाच्या खाणीवर टिपर चालवायचा. बातमी त्यानेच आणली.

"दादा, कचेरीच्या आवारात एक लष्करी ट्रक पडलाय. भंगारात काढलाय."

"भंगार माझ्याकडे काय कमी आहे?"

"सहाही चाकं ओढतात त्याची. आपला चढ म्हणजे त्याला अंगण."

"ओढतात की ओढायची?"

"ओढायची," धाकटा म्हणाला. "पण आपण कशाला आहोत?"

तिघं बघायला गेली. आवाराच्या कोपऱ्यात, मोडक्या टेबलांच्या ढिगाशेजारी तो उभा होता. टायर बसलेले, हौद्यावरच्या ताडपत्रीच्या कमानी वाकलेल्या, पुढच्या जाळीतून एक झाड बाहेर आलेलं. कारकून सावलीतूनच बोलला, "लष्कराला नको झाला म्हणून त्यांनी आम्हाला दिला. आम्हाला नको झाला म्हणून तुम्हाला. घेताय की नुसते बघताय?"

"इंजिन फिरतं का?" थोरल्याने विचारलं.

"फिरत असतं तर मीच घेऊन पळालो नसतो का?"

थोरला ट्रकखाली शिरला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. थोरली त्या पायांकडे बघत उभी राहिली. बाहेर आला तेव्हा दाढीत गंज भरला होता.

"हाडं धड आहेत," तो म्हणाला. "कातडं गेलंय."

बाजारातला गाळा गेला. तिच्या हातातलं सोनं गेलं. किती, ते सांगून काय उपयोग? होतं तेवढं. कारकुनाने पावतीवर चासीचा नंबर घातला, शिक्का मारला आणि म्हणाला, "एकदा फाटकाबाहेर गेला की आमचा संबंध संपला." हे त्याचे शब्द आहेत. थोरलीने स्वतःच्या कानांनी ऐकले.

ट्रॅक्टरला साखळी बांधून ट्रक ओढ्यापर्यंत आणला आणि हौदाशेजारच्या मोठ्या झाडाखाली उभा केला. टपरीवाला हातातला कप ठेवून बघायला आला.

"काय हो, लढाई लागली की काय?"

"लागली आहे," धाकटा म्हणाला. "तू चहा पाठव, फौज उपाशी आहे."

"फौजेचं उधार मी ठेवत नाही."

पण त्याने चहा पाठवला, आणि नंतरही पाठवत राहिला. एवढं त्याच्या नावावर लिहायला हवं.

मग अर्धा उन्हाळा ते घर त्या झाडाखाली राबलं. गाळ्यातलं डिझेलवर चालणारं वेल्डिंगचं मशीन थोरल्याने आणून ठेवलं होतं. त्याची धडधड दिवसभर चालायची. फांदीला चेनपुली टांगून त्यांनी इंजिन वर उचललं. पिस्टन आत गच्च धरून बसले होते. थोरल्याने रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं आणि रोज सकाळी आल्या आल्या लाकडी ठोकळा ठेवून वरून हातोडीचे हलके घाव घालायचा, जणू कुणाच्या दारावर टकटक करतोय. पुष्कळ दिवस आतून उत्तर आलं नाही. मग एका सकाळी पहिला पिस्टन केसभर सरकला. थोरल्याने हातोडी खाली ठेवली आणि तो नुसता बसून राहिला.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"सरकला."

"मग तोंड का असं?"

"अगं, अजून बाकीचे आहेत."

थोरलीच्या वाट्याला गंज होता. तारेचा ब्रश, पत्र्याची खरवडणी आणि सगळा ट्रक. ती पोत्यावर उताणी पडून खालून घासायची. गंज डोळ्यांत पडायचा, तोंडात जायचा, थुंकी विटेच्या रंगाची व्हायची. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. गंमत अशी की आडवं पडून मान दुखायची नाही, म्हणून त्या पोत्यावर तिला बरं वाटायचं. संध्याकाळी मात्र ब्रश ठेवून हंडा उचलायचाच आणि चढायचंच. वर गेल्यावर अंग धुवायला पाणी नसायचं. ती तशीच, लाल अंगाने, झोपायची.

धाकटा सकाळी खाणीवर राबून दुपारी यायचा. ब्रेकचा ड्रम बसवताना त्याचं बोट चेंगरलं, नख काळं पडून गळून गेलं. थोरल्याचे डोळे वेल्डिंगने सुजायचे. वाळू भरल्यासारखे खुपतात म्हणायचा, आणि तरी काळी काच वर करून जोडाकडे बघायचा. थोरली ओली पट्टी ठेवायची. ते प्यायचं पाणी असायचं. सासूला ओली पट्टी पिळल्याचा आवाज आला की ती म्हणायची, "माझ्यातलं घे. मी बसून असते, मला कशाला एवढं लागतंय?"

आता जी गोष्ट सांगायची आहे ती नीट ऐका, कारण तुम्ही तिच्यावर हसलात.

थोरलीचे सासरे लोहार होते. त्यांच्या हयातीत घरात एक रीत पडली. जोड पूर्ण झाला की ते बायकोला हाक मारायचे. तिने डोळे मिटायचे आणि जोडावरून नख फिरवायचं. नख अडलं तर काम परत. नख सरळ गेलं तर काम झालं. सासरे गेले, लोहारकीचं वेल्डिंग झालं, पण रीत राहिली. फरक एवढाच की म्हातारीला आता डोळे मिटायची गरज उरली नव्हती. त्या घरातून गेलेल्या एकाही दरवाजाला, नांगराला, खाटेला नखाला लागेल असा जोड नव्हता.

चासीचं, म्हणजे ट्रकच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचं, काम झालं तसं धाकट्याने आईला पाठुंगळी घेऊन खाली आणलं.

"हळू रे. मी काय सिमेंटचं पोतं आहे का?"

"पोतं बोलत नाही आई."

तिला चासीपाशी बसवलं. ती डाव्या पट्टीवरून सरकत सरकत गेली, मग उजव्या. नख लोखंडावर सुर्रकन जात होतं. थोरला तिच्या मागे उभा, परीक्षेला बसल्यासारखा. उजव्या पट्टीच्या पुढच्या टोकाला म्हातारी थांबली.

"इथे काय?"

"गंजाने खड्डे पडलेत, आई. पट्टी जाड आहे तिथे, काही होत नाही."

"खड्डे आहेत ते मलाही कळतंय. माझ्या हिरडीसारखं लागतंय. असंच ठेवणार आहेस?"

"खालच्या बाजूला आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय," आंधळी म्हातारी म्हणाली.

थोरल्याने काच खाली ओढली. खड्डे वेल्डिंगने भरले, ग्राइंडर फिरवला, पुन्हा भरले, पुन्हा फिरवला. ठिणग्यांनी म्हातारीचं लुगडं दोन ठिकाणी जळलं तरी ती हलली नाही. मग तिने नख फिरवलं. कुठेही अडलं नाही.

"हां," ती म्हणाली. "आता बापाचा मुलगा वाटतोस."

त्या काळ्या खड्ड्यांमध्ये काही अक्षरं, काही आकडे होते का? थोरलीने ती जागा स्वतः घासली होती. नंतर तिने हजार वेळा आठवून पाहिलं. तिला फक्त गंज आठवला.

ट्रक सुरू झाला तेव्हा आधी खोकला, मग काळा धूर, मग असा आवाज की टपरीवरची कपबशी थरथरली. हिरवा रंग नवा होता. हौद्यात लोखंडी टाकी बसवली होती, थोरल्यानेच केलेली. ती ओढ्याजवळच्या सिमेंटच्या हौदातून भरून घेतली. धाकट्याने गिअरच्या दांड्याशेजारचा छोटा दांडा ओढला, त्याने सहाही चाकं कामाला लागली. थोरला समोरून उलटा चालत, दोन्ही हातांनी डावं-उजवं दाखवत चढ चढत होता. ट्रक घसरला तर आधी तोच जाणार होता. तुम्ही टाकलेल्या दगडांवरून एक चाक हवेत उचललं गेलं, ट्रक तिरका झाला, टाकीतलं पाणी एका अंगाला धडकलं. मागून चढणाऱ्या बायका जागीच थांबल्या. मग बाकीच्या चाकांनी ओढून काढलं.

वर पोचल्यावर कुणी ओरडलं नाही. टाळ्या नाहीत, काही नाही. रिकामे हंडे खाली ठेवून बायका उभ्या होत्या आणि डोक्यावर काही नसताना हातांचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. जिचं मूल गेलं होतं ती शेजारीण पुढे आली. तिने बादली भरून घेतली, खाली बसली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून तशीच बसून राहिली.

नंतरचे दिवस चांगले होते. थोडेच होते, पण होते. ट्रक रोज खेपा करायचा. म्हातारी प्रत्येक खेपेला पुढे बसायची, म्हणायची इंजिनाचा आवाज ऐकायला मी हवी. बंद घरांपैकी एका घराचं कुलूप निघालं. थोरलीची मान हळूहळू वळायला लागली. धाकटा म्हणाला, "वहिनी, दरवाजाला तेल मिळालं वाटतं." विनोद परत आला होता.

आणि मग तुम्ही आलात, मोठे साहेब. पहिल्यांदा आलात तेव्हा नुसते बघायला आलात. बोनेटवरून हात फिरवलात. "वा! कुणी केलं हे?"

"आम्हीच," थोरला म्हणाला.

"आमच्या दारात शोभेल. द्या आम्हाला."

"पाणी वाहतो, साहेब. विकायचा नाही."

"विचार करा," तुम्ही हसून म्हणालात. "घाई नाही."

घाई नव्हती म्हणता, आणि आठवड्याच्या आत पुन्हा आलात. या वेळी बरोबर शिपाई होते आणि आवारातला तो कारकून. ट्रक भरलेली टाकी घेऊन चढाला लागला होता. तिथेच थांबवलात.

"पावतीवर चासीचा नंबर आहे. चासीवर कुठे आहे?"

कारकून वाकला. रुमालाने उजव्या पट्टीचं टोक पुसलं. कुठे बघायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. "गुळगुळीत आहे, साहेब. आरसा."

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. त्या खड्ड्यांबरोबर आपण काय भरून टाकलं ते त्याला तेव्हा कळलं, थोरलीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो सांगायला लागला, वडिलांची रीत, आईचं नख. सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. शिपाई हसायला लागले. कारकुनाने म्हातारीला खाली उतरवलं, तिचं बोट धरलं आणि पावतीवर टेकवलं.

"आजी, बघा बरं, हा नंबर लागतोय का नखाला?"

म्हातारीने खरोखर नख फिरवलं. सवयच ती. "हा कागद आहे," ती म्हणाली.

काय हशा झाला! तुम्हीही हसलात.

"तुम्हीच विकलात ना हो?" थोरली कारकुनाला म्हणाली. "मी समोर उभी होते. जाळीतून झाड आलं होतं. तुम्ही म्हणालात, फिरत असतं तर मीच घेऊन पळालो असतो."

"असे पुष्कळ ट्रक असतात, बाई."

"असा दुसरा एक दाखवा."

"तोंड सांभाळून बोला," तुम्ही म्हणालात. "ज्याचा नंबर घासलेला, तो चोरीचा. हा तो ट्रक नव्हेच. आमचा विकलेला कुठे गेला ते तुम्हीच सांगा. चोर ते चोर, वर म्हातारीला पुढे करता?"

धाकटा स्टिअरिंग सोडेना, तर त्याला दंडाला धरून ओढलं. ट्रक न्यायला तुम्ही ड्रायव्हर आणला होता. त्याला भरल्या टाकीसकट उतरायची भीती वाटली, म्हणून त्याने मागची तोटी पूर्ण उघडली. पाणी चढावरून वाहायला लागलं. बायका हंडे घेऊन धावल्या, तोटीखाली धरायला, आणि शिपाई त्यांना मागे ढकलत होते. एकीचा हंडा अर्धा भरला. बाकीचं पाणी धुळीत गेलं, तुमच्या गाडीच्या चाकांखालून गेलं.

धाकट्याला चौकीवर बसवून ठेवलं. सुटून आला तेव्हा खाणीवर त्याच्या टिपरवर दुसरा माणूस होता. थोरला आता त्याच खाणीत दगड फोडतो, कारण गाळा नाही. घरी आला की आईसमोर बसत नाही. आणि म्हातारी दिवसभर आपलं ते नख दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबत बसते. एकदा थोरलीला म्हणाली, "कापून टाक गं हे."

"नख का, आई?"

"बोट."

उघडलेल्या घराला परत कुलूप लागलं. हंडे परत डोक्यावर आले. मान परत अडकली.

मग परवा थोरलीने नवऱ्याला उठवलं, म्हणाली, चला, ट्रक मागायला जाऊ. तो नको म्हणत होता. ती पुढे चालायला लागली तसा मागे आला. कचेरीच्या आत जायची त्यांना गरजच पडली नाही. ट्रक फाटकाशेजारी होता. सिमेंटच्या चौथऱ्यावर. चाकं अर्धी सिमेंटात गाडलेली. टाकी काढून टाकलेली, हौद्यात फुलझाडांच्या कुंड्या, आणि एक माळी रबरी नळीने त्यांना पाणी घालत होता. पाणी कुंड्यांतून ओथंबून हौद्याच्या फळ्यांवरून खाली गळत होतं.

चौथऱ्यावर पाटी होती. थोरलीने बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचली. या खात्याची दीर्घकाळ सेवा केलेला लष्करी ट्रक. मोठ्या साहेबांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ववत केला.

थोरला पाठ करून उभा राहिला. त्याला बघवेना.

"हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"हा तुमचाच ट्रक का?" थोरलीने विचारलं.

"मग कुणाचा? पाटी वाचली ना?"

"पण याला नंबर नाही. याच्यावर कुठेच काही लिहिलेलं नाही. मग तुमचाच आहे हे तुम्ही कशावरून ओळखलंत?"

पहारेकऱ्याने ट्रककडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "मला काय विचारता? आत विचारा."

"आत कोण आहे?"

"आता कुणी नाही. साहेब दौऱ्यावर आहेत."

"येतील ना?"

"येतील की."

थोरली फाटकासमोर जमिनीवर बसली. नवरा म्हणाला, अगं उठ, काय तमाशा चालवला आहेस. ती उठली नाही. काल ती तिथेच होती, आज सकाळीही होती. तुमची गाडी तिच्यावरूनच आत जाईल किंवा तिच्यासमोर थांबेल, तिसरी वाट तिने ठेवलेली नाही.

तेव्हा बोला, मोठे साहेब. तुम्ही म्हणालात हा तो ट्रक नव्हेच. मग पाटीवर तुमच्या खात्याचं नाव कसं? आणि तोच असेल, तर तो विकून झाला होता, विकत घेणारी बाई तुमच्या दारात बसली आहे, तिचा ट्रक चौथऱ्यावरून कधी उतरवता? उद्या टँकर येईल आणि ओढ्यापाशी थांबेल. तिथून वर ते पाणी कोण नेणार? नाव सांगा.